डोळे मिटलेली अस्वलं

आज सकाळी भाजी आणायला निघाले आणि कोपऱ्यावरच थांबले. गोणपाटावर अवरेकाईच्या हिरव्या शेंगांचा ढीग पडला होता. या शेंगांना एक तेलकट, जरासा उग्र वास असतो. दंव जितकं जास्त पडतं तितका तो चढतो. इथल्या बायका शेंग आधी नाकाशी धरतात, मगच पिशवीत टाकतात. मी निपाणीची. आमच्याकडे याच कुळातला पावटा खातात, पण त्याला असं हुंगून कुणी घेत नाही. बंगळुरात येऊन बारा वर्षं झाली, आता मीही हुंगते. "तगोळ्ळी अक्का," घ्या ताई, म्हणत शेंगवालीने एक मूठ पुढे केली. वास नाकात गेला आणि दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

अवघड दिवस आठवू नयेत असं लोक म्हणतात. मला तो हिवाळा आठवायला आवडतो. त्यातलं काहीही मला विसरायचं नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी लष्कराबरोबर इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं. राजाजीनगरातल्या या घरात मी लग्न करून आले तेव्हा इथलं मराठी मला अर्धंच कळायचं. "स्वल्प सरक की गं" म्हणजे जरा बाजूला हो, आणि "सरी" म्हणजे बरं, हे कळायला महिना गेला. मी बोलायला लागले की अण्णा गालात हसायचे. एकदा म्हणाले, "तुमचं मराठी भाकरीसारखं गं वैशाली. चावून खावं लागतं. आमचं बघ, इडली." सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्यामुळे या घरातल्या रीतीभाती मी अण्णांकडूनच शिकले. साराला फोडणी कधी द्यायची इथपासून शेजारच्या कुठल्या अक्कांकडे वाटी रिकामी परत पाठवायची नाही इथपर्यंत.

चौतीस वर्षं ते एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्रांच्या सुट्या भागांची चित्रं काढायची, केसाएवढी चूक चालायची नाही. निवृत्त झाल्यावरही त्यांची पेन्सिल कायम टोक केलेली. वाण्याची यादी लिहिली तरी शेंगदाणे आणि साबण एकाच उभ्या रेषेत. मी शाळेत विज्ञान शिकवते, फळ्यावर हृदयाची आकृती काढताना मला नेहमी वाटायचं, अण्णा इथे असते तर एका फटक्यात काढली असती.

त्या वर्षी दिवाळी होऊन काही दिवस झाले होते. आंघोळ करून बाहेर येताना त्यांच्या उजव्या हातातून टॉवेल गळून पडला. ते उचलायला वाकले, आणि हात खाली गेलाच नाही. आम्ही वेळेत दवाखाना गाठला. बोलणं वाचलं. चालणं महिन्याभरात बऱ्यापैकी परत आलं. हात मात्र होता तिथेच राहिला, खांद्याला लटकलेला. त्यांच्या मालकीचा, पण त्यांचं न ऐकणारा.

पेन्शनीसाठी दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्यांना घेऊन मी बँकेत गेले. तिथल्या बाई फार चांगल्या होत्या. अण्णांनी सहीसाठी पेन धरायचा दोनदा प्रयत्न केला, तेव्हा बाईंनी शाईचं पॅड पुढे सरकवलं. अण्णांनी अंगठा उठवला. परत येताना रिक्षात ते अंगठ्याची निळी शाई धोतराच्या कडेला पुसत राहिले. मग म्हणाले, "अंगठेबहाद्दर झालो बघ, पोरी." मला हसायचं होतं, कारण त्यांनी ते हसण्यासाठीच म्हटलं होतं. पण मला हसू आलं नाही.

त्यानंतर ते मिटतच गेले. डाव्या हाताने जेवायला त्यांना आवडायचं नाही. उजव्या हाताने घास तोंडापर्यंत पोचायचा नाही. एकदा टेबलावर सार सांडलं ते मिनूच्या गृहपाठाच्या वहीवर. मिनू म्हणजे आमची मुलगी, तेव्हा दुसरीत होती. ती पटकन म्हणाली, "असू दे ताता, वही जुनीच होती." इथल्या पद्धतीने ती आजोबांना ताताच म्हणते. वही जुनी नव्हती, हे तातांनाही दिसत होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ताट खोलीत मागवायला सुरुवात केली.

हाताच्या व्यायामासाठी शिल्पा नावाची एक मुलगी आठवड्यातून तीनदा यायची. हसरी, उत्साही. तिने रबराचा मऊ चेंडू दिला आणि मातीसारखा मळायचा एक निळा गोळा दिला. "अंकल, स्वल्प प्रयत्न माडी," थोडा प्रयत्न करा, असं ती दर वेळी म्हणायची. ती असेपर्यंत अण्णा चेंडू दाबायचे. ती गेली की चेंडू खणात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "चेंडू दाबून काय होतं? त्यातून काही निघतं का? बाळाच्या खेळण्याशी मी खेळायचं?"

चौतीस वर्षं ज्या हातातून रोज काहीतरी तयार होऊन बाहेर पडत होतं, त्या हाताला नुसतं दाबायला सांगणं हा अपमानच होता. पण हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तेव्हा मी फक्त म्हटलं, "अण्णा, डॉक्टरांनी सांगितलंय," आणि शाळेत निघून गेले.

डिसेंबरच्या मध्यावर मारतहळ्ळीला माझ्या मैत्रिणीच्या मुलाचा वाढदिवस होता. राजाजीनगरहून मारतहळ्ळी म्हणजे शहराचं एक टोक सोडून दुसरं गाठायचं. जायला दोन तास, यायला दोन तास. मिनूला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण परत येताना तिच्या हातात एक पांडा होता. काडीवरचा. केकचा चुरा मळून केलेला लाडवाएवढा गोळा, तो पांढऱ्या चॉकलेटात बुडवलेला, त्याला काळे कान आणि काळे डोळे. केक पॉप म्हणतात त्याला. पूर्ण रस्ताभर तिने तो खाल्ला नाही. सिग्नल लागला की त्याला खिडकीतून बाहेरचं दाखवायची. घराजवळ येईपर्यंत पांडाची मान कलली होती.

"आई, माझ्या वाढदिवसाला असं पूर्ण जंगल पाहिजे."

तिचा वाढदिवस जानेवारीच्या शेवटी येतो. गल्लीतली मुलं, शाळेतल्या मैत्रिणी, सगळी मिळून वीस-बावीस जण तरी असणार.

"त्यात काय! घरीच करू," मी म्हटलं.

मला असं पटकन म्हणायची सवय आहे. निपाणीत आमच्या घरी दिवाळीला दोनशे करंज्या व्हायच्या आणि मुरड घालायला मी असायची. ज्या हाताने दोनशे करंज्यांना मुरड घातली त्याला वीस अस्वलं काय जड?

पहिल्या रविवारी मी साधा केक भाजला, गार करून कुस्करला आणि त्यात सढळ हाताने लोणी-साखरेचं क्रीम घातलं. आमच्याकडे लाडवाला तूप कमी पडलं की नावं ठेवतात, तीच सवय. गोळे झाले सुरेख. काड्या टोचल्या. गरम पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवून वितळवलेल्या चॉकलेटमध्ये पहिला गोळा बुडवला आणि बाहेर काढला तर नुसती काडीच वर आली. अस्वल भांड्यात बुडालं होतं. दुसरा टिकला, पण थर्माकोलमध्ये उभा केल्यावर हळूहळू काडीवरून खाली उतरायला लागला, एखादा म्हातारा जिना उतरतो तसा. तेवढ्यात खालच्या पातेल्यातली वाफ चॉकलेटात शिरली आणि चॉकलेटचा दाणेदार चिखल झाला. मिनू आधी हसली, मग तिचा ओठ थरथरायला लागला.

एकच अस्वल उभं राहिलं. त्याचा एक डोळा कपाळावर होता, दुसरा गालावर.

स्वयंपाकघराच्या दारात पावलांचा आवाज झाला. अण्णा उभे होते. पंधरा-वीस दिवसांत ते स्वतःहून इथपर्यंत आलेले मला आठवत नव्हतं. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि त्या अस्वलाकडे बराच वेळ पाहिलं.

"याचं सेंटर चुकलंय," ते म्हणाले.

मिनू म्हणाली, "ताता, सगळंच चुकलंय."

"सगळं नाही. चिकणा मळलाय म्हणून सरकतोय. ओल कमी कर, वैशाली. आणि काडी बुडवून मग टोच की. चॉकलेटात बुडवून. ते डिंकासारखं धरतं." मग ते खुर्ची ओढून बसले. "डोळे लावायच्या आधी मध्यरेषा काढायची. सुईने. अशी." हवेत त्यांनी डाव्या हाताने एक उभी रेघ मारली. "डोळे रेषेपासून सारख्या अंतरावर. कुठल्याही जनावराला चालतं हे."

कारखान्यातल्या नव्या पोरांना ते असंच शिकवत असणार. त्यांचा तो आवाज मी बऱ्याच दिवसांनी ऐकला. मी मान खाली घालून चुरा मळत राहिले, जणू काही विशेष घडलंच नाही. मला भीती वाटत होती, मी वर पाहिलं तर ते उठून जातील.

बोलता बोलता त्यांचा उजवा हात टेबलावरच्या एका गोळ्याकडे गेला. बोटं त्याच्याभोवती जमली, पण दाब कुठे किती द्यायचा ते बोटांना ठरवता आलं नाही. गोळा फुटला. चुरा टेबलावर पसरला. अण्णांनी हात मांडीवर घेतला, दुसऱ्या हाताने झाकला, आणि उठून आपल्या खोलीत गेले.

त्या दिवशी मी पुष्कळ विचार केला असं लिहिता आलं असतं तर चांगलं दिसलं असतं. खरं सांगायचं तर मी व्यायामाचा विचारच केला नाही. मला वीस-बावीस जनावरं करायची होती, माझी दुपार दीड वाजता शाळा सुटल्यावर सुरू व्हायची, आणि नवरा श्रीधर ऑफिसातून यायचा तोवर मिनूला झोप आलेली असायची. मला माणूस हवा होता. आणि ज्याला मध्यरेषा कळते असा माणूस घरात बसून होता.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी त्यांच्या दारात गेले.

"अण्णा, मला हात कमी पडतोय. एक द्या."

"डावा चालेल?"

"डाव्याने गोळा वळला जात नाही तुमच्याकडून. उजवा द्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. इतकं सरळ त्यांच्याशी त्या दिवसांत कुणी बोलत नव्हतं. सगळे दबक्या आवाजात, उशी सारखी करत बोलायचे. "तो फोडतो," ते म्हणाले. 'तो' म्हणजे हात.

"फोडू दे की. चुरा आहे तो. आधीच फुटलेला. गोळा झाला नाही तर परत चुरा होईल, आणखी काय होणार आहे?"

"सरी," अण्णा म्हणाले, आणि चप्पल शोधायला लागले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुपारी दोनला ऊन टेबलावर येतं आणि चारपर्यंत थांबतं. जानेवारीतलं बंगळुरचं ऊन म्हणजे अंगावर घ्यायची शाल. त्या उन्हात आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. आधी अवरेकाई. भिजवलेला दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला की टरफलातून टुणकन बाहेर उडतो, त्या सोललेल्या दाण्यांचं सार इथे जीव टाकून करतात. अण्णांच्या हातून पहिल्या दिवशी पाच दाणे सुटले. चौथा माझ्या चष्म्यावर आदळला आणि ते मोठ्याने हसले. मग केकचा चुरा. मी चमचाभर चुरा त्यांच्या तळहातावर ठेवायची. बोटं मिटायला वेळ लागायचा. कधी गोळ्याचं अंडं व्हायचं, कधी बटाटा, कधी नुसता भुगा. मी चुरा परत वाडग्यात ढकलायची आणि पुन्हा एक चमचा ठेवायची. त्यांना साखरेचा आजार नाही, फक्त रक्तदाब. त्यामुळे हाताला लागलेलं ते चाटायचे आणि मी न पाहिल्यासारखं करायची.

संक्रांत आली. बंगळुरात संक्रांतीला तीळ-गूळ-खोबऱ्याच्या मिश्रणाबरोबर साखरेची चित्रं वाटतात. लाकडी साच्यातून काढलेले शुभ्र हत्ती, पोपट, मासे. शेजारच्या अक्कांनी आणून दिलेल्या ताटलीतला हत्ती अण्णांनी उजेडात धरला. "बघ, साखरेची जनावरं आम्ही कधीपासून करतोय. तुझ्या मारतहळ्ळीवाल्यांनी काही नवीन नाही शोधलं."

"पण हा साच्यातला आहे, अण्णा. सगळे हत्ती एकसारखे."

आपल्या बटाट्यासारख्या गोळ्यांच्या ओळीकडे त्यांनी पाहिलं. "आमचे मात्र एकासारखा एक नाही," म्हणाले, आणि त्या बोलण्यात मला पहिल्यांदा थोडी ऐट दिसली.

शिल्पा एकदा तिच्या वेळेआधी आली आणि तिने हे सगळं पाहिलं. मला वाटलं, चेंडूचं काय झालं म्हणून रागावेल. ती खुर्ची ओढून बसली, अण्णांचं मनगट हातात घेतलं, एकेक बोट वाकवून पाहिलं. "अंकल, इदू सूपर," हे झकास आहे, असं ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाली, गोळा आता थोडा लहान करा. जितका लहान तितकं बोटांना जास्त काम. अण्णांनी लगेच विचारलं, "किती लहान? व्यास सांग." ती हसत सुटली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही लिंबाएवढ्यावरून सुपारीएवढ्यावर आलो. शेवटी जनावरं मोठीच करायची होती, पण सुपारीएवढे गोळे नाकांना कामी आले.

थर्माकोलमध्ये काड्या कलायच्या. अण्णांनी त्यावर उपाय काढला, स्टीलची चाळण उपडी ठेवायची. भोकं सारख्या अंतरावर, काडी सरळ उभी. मी त्यांना शाबासकी दिली, त्यांनी ती घेतली.

एक दिवस मात्र वाईट गेला. श्रीधर दुपारीच घरी आला. माझा नवरा मुळात हळवा. वडिलांच्या हाताला झालं ते त्याला सहन होत नव्हतं. त्यांचा ड्रॉइंगचा बोर्ड त्याने गुपचूप माळ्यावर चढवून ठेवला होता, त्यांना दिसू नये म्हणून. रोज रात्री तोच त्यांना चमच्याने भरवायचा. त्या दिवशी तो आत आला तेव्हा अण्णांच्या कोपरापर्यंत चॉकलेट होतं, शर्टावर चुरा होता, समोरच्या ताटात दहा वेडेवाकडे गोळे होते आणि अकरावा त्यांच्या हातात थरथरत होता.

"वैशाली, हे काय चालवलंयस?" त्याचा आवाज चढला. "त्यांना आराम सांगितलाय. आणि अण्णा, तुम्ही कशाला? ठेवा ते. मी विकत आणतो ना, पाहिजे तेवढे." त्याने पुढे होऊन अण्णांच्या समोरचा वाडगा उचलला.

मी उठले. माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण अण्णाच बोलले, आणि अगदी शांतपणे बोलले.

"श्रीधर, बाजूला हो. उजेड अडतोय."

तो वाडगा हातात धरून उभाच राहिला.

"आणि तो खाली ठेव. माझं मटेरियल आहे ते."

श्रीधरने वाडगा खाली ठेवला. खिडकीसमोरून बाजूला झाला. थोड्या वेळाने त्याने बाह्या सरसावल्या, हात धुतले आणि माझ्या शेजारी येऊन बसला. "मी काय करू?" त्याने विचारलं. अण्णांनी त्याच्या पहिल्या गोळ्याकडे पाहून सांगितलं, "तू काड्या पूस." चाळीस वर्षांचा, हाताखाली वीस माणसं असलेला माझा नवरा मान खाली घालून काड्या पुसत बसला, आणि त्याचे डोळे भरून आले होते. मी ते पाहिलं. अण्णांनीही पाहिलं असावं, कारण ते म्हणाले, "फडकं कोरडं घे की रे. पाणी लागलं तर चॉकलेट फाटतं."

त्यांना त्या दिवसांत आम्ही सगळे सांभाळत होतो. सांभाळणं म्हणजे कामं काढून घेणं, असाच आमचा समज होता. माणूस आजारी पडला की आपण त्याच्या हातातली पिशवी घेतो, मग किल्ली घेतो, मग घास भरवतो, आणि शेवटी त्याच्याकडे फक्त आजारपणच उरतं. हे मला पुस्तकातून कळलं नाही. 'माझं मटेरियल आहे ते' या वाक्याने कळलं.

वाढदिवस रविवारी होता. शनिवारी दुपारी आम्ही चौघं टेबलाला बसलो. ओल बरोबर, काड्या कोरड्या, चॉकलेट गरम पाण्यावर पण वाफेपासून दूर. गोळे फ्रीजमधून काढून जरा वेळ बाहेर ठेवले होते, कारण फार गार गोळा कोमट चॉकलेटात बुडवला की वरच्या थराला भेगा पडतात. आदल्या आठवड्यात चार ससे असेच तडकले होते. बुडवायचं काम माझं. भांड्याच्या काठावर काडी टकटक आपटून जादा चॉकलेट झटकायचं श्रीधरचं. कान लावायचं मिनूचं. सशांना बदामाचे काप, अस्वलांना चॉकलेटच्या चकत्या, पिवळ्या पिल्लांना केशरी गोळीच्या तुकड्याची चोच. हत्तीचा प्रयत्न केला, पण सोंडेच्या वजनाने तो दोनदा तोंडावर पडला, तेव्हा त्याला डुक्कर करून टाकलं.

डोळे अण्णांचे. हे आधीच ठरलं होतं. दात कोरायची काडी पातळ काळ्या चॉकलेटात बुडवून ठिपका द्यायचा. उजव्या हाताच्या मनगटाला त्यांनी डाव्या हाताने आधार दिला आणि पहिल्या अस्वलाच्या चेहऱ्यावर काडी नेली. हात थरथरला. ठिपक्याच्या जागी एक आडवा फराटा उमटला.

मिनूने माझ्याकडे पाहिलं. पुसायला जावं तर खालचा थर उकलणार.

अण्णांनी त्या फराट्याकडे पाहिलं. काडी पुन्हा बुडवली आणि दुसऱ्या बाजूला, सारख्या अंतरावर, तसाच एक फराटा काढला. जरा वाकवून, खाली झुकलेला.

"झोपलाय," ते म्हणाले.

खरंच झोपला होता. इतकं गाढ, समाधानी झोपलेलं अस्वल मी कधी पाहिलं नव्हतं. मिनूने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर ज्याचा ठिपका जमला तो जागा आणि ज्याचा नाही जमला तो झोपलेला. एकवीस जनावरांपैकी सात जागी होती, बाकीची चाळणीवर ओळीने डोळे मिटून उभी. दोन सशांची झोप तर अशी लागली होती की एकाचं तोंडही उघडं राहिलं.

रविवारी मुलं आली. अण्णांनी स्वच्छ शर्ट घातला होता आणि खोलीतून बाहेर येऊन टेबलाजवळच्या खुर्चीत बसले होते. शेजारच्या अक्कांच्या नातीने कमरेवर हात ठेवून विचारलं, "ही सगळी झोपली का आहेत?"

"दुपारी पोटभर जेवलीत," अण्णा म्हणाले. "हळू बोला. उठतील."

वीस मुलं एकदम कुजबुजायला लागली. कुजबुजत त्यांनी आपापलं जनावर निवडलं, आणि झोपलेली आधी संपली. जागं असलेलं एक डुक्कर शेवटपर्यंत राहिलं. नंतर पानं मांडली तेव्हा अण्णा उठले नाहीत. मुलांच्या रांगेत बसून ते उजव्या हाताने पुलाव खात होते. अर्धी शितं पानाबाहेर पडत होती. पण त्या रांगेत सगळ्यांचीच पडत होती.

हात पूर्ण बरा झाला नाही, हेही सांगायला हवं. वरची कपाटं अजून मी उघडते, शर्टाच्या वरच्या गुंड्या श्रीधर लावतो. थंडी वाढली की बोटं आखडतात. पण ताट खोलीत जात नाही. शिल्पा आता महिन्यातून एकदा येते, आणि मुख्यतः गप्पा मारायला येते.

आज सकाळी शेंगा घेऊन घरी आले तर मिनू जाहीर करत होती की यंदा तिला जनावरं नकोत. ती आता नऊची होणार आहे. मैत्रिणींबरोबर साधा चौकोनी केक कापायचा आणि पतंग उडवायचे, बस्स. "काडीवरचे प्राणी बाळांचे असतात, आई."

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ते पेपर वाचत होते.

"बरं झालं," ते म्हणाले. "यंदा माझ्या वाढदिवसाला करू."

"तुमचा वाढदिवस कधी असतो, ताता?"

अण्णांनी पेपर खाली ठेवला. त्यांच्या वेळी शाळेत घालताना मास्तर सगळ्यांचीच तारीख एक जून लिहून टाकायचे. खरी तारीख त्यांच्या आईला ठाऊक होती, पण ती सांगायची तीसुद्धा 'थंडीत, शेंगांच्या दिवसांत' एवढंच. "म्हणजे कुठलाही दिवस चालतो," अण्णा म्हणाले. "आजच करू. वैशाली, मला वाघ पाहिजे."

आज शाळेला सुट्टी होती. केक नव्हता, म्हणून डब्यातली नानकटाई कुस्करली आणि थोडं घट्ट दूध घालून मळली. गोळा अण्णांनी वळला, एका दमात, आणि तो चेंडूसारखा गोल होता. पांढऱ्या चॉकलेटात केशरी रंग कालवून मी त्याला बुडवला. कान मिनूने लावले, बाळांचं काम असूनही. पट्टे मी ओढले. डोळ्यांचे दोन ठिपके अण्णांनी मनगटाला आधार देऊन काढले, आणि दोन्ही जमले. वाघ टक्क जागा होता.

"मिशा?" मी विचारलं.

"ठेव इकडे."

त्यांनी काडी बुडवली. डावा हात सवयीने मनगटाकडे गेला, मग मध्येच थांबला, आणि त्यांनी तो टेबलावर सपाट ठेवला. उजवा हात एकटा पुढे गेला. डाव्या गालावर तीन मिशा. मग उजव्या गालावर एक. दुसरी. तिसरीला हात हलला आणि मिशी वळण घेत थेट कानापर्यंत गेली.

मिनू खिदळली. "ताता, ही वाकडी गेली!"

अण्णांनी वाघ उजेडाकडे धरून तिरपा करून पाहिला, कारखान्यातला नमुना तपासावा तसा.

"मिशी आहे ती," ते म्हणाले. "सरळ असती तर मांजर झालं असतं."

आणि त्याच उजव्या हाताने त्यांनी वाघाची काडी तोंडाकडे नेली, जराही घाई न करता, आणि वाघाचा कान खाल्ला.